धूपोपचार आणि धूरविरहित पर्याय : गृहांतर्गत उपासनेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भारतीय उपासनापद्धतीत गंधाचे स्थान केवळ मनाच्या प्रसन्नतेपुरते मर्यादित नाही. पंचोपचार पूजा असो वा षोडशोपचार, गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य हे पाच उपचार दोन्हींत समान आहेत, आणि त्यांपैकी पहिले तीन प्रामुख्याने घ्राणेंद्रियाशी निगडित आहेत. देव्हाऱ्यासमोर सकाळ-सायंकाळ लावली जाणारी उदबत्ती, सणावाराला धुपाटण्यात घातला जाणारा ऊद, मंत्रानुष्ठानाच्या काळात अखंड तेवत ठेवलेला धूप ही त्याचीच व्यावहारिक रूपे होत. ही रूपे ज्या घरांत घडली, ती घरे मात्र आता फारशी उरलेली नाहीत. वाड्यातील देवघराचा धूर चौकात जात असे; कोकणातील घरात तो कौलांच्या फटींतून निघून जाई. आजच्या सदनिकेत देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर असतो, खिडक्या डासांमुळे वा वातानुकूलनामुळे बंद असतात, आणि त्याच हवेत दम्याचा रुग्ण, वृद्ध आणि तान्हे मूल श्वास घेत असते. वसतिगृहे, कार्यालये आणि परदेशातील भाड्याची घरे येथे तर छतावरील धूरसूचक यंत्रामुळे उदबत्ती लावणेच अशक्य होते.

अशा परिस्थितीत धूर वगळून धूपोपचार करता येईल काय, हा प्रश्न अनेक कुटुंबांत विचारला जातो आणि बहुधा भांडणाने मिटविला जातो. एका बाजूला ‘शास्त्रात सांगितले आहे’ असे म्हटले जाते, तर दुसऱ्या बाजूला ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ असे. प्रस्तुत लेखात या दोन्ही विधानांचा स्वतंत्रपणे परामर्श घेऊन उपलब्ध पर्यायांचे विवेचन केले आहे.

धूप म्हणजे धूर काय?

संस्कृत धातुपाठात ‘धूप्’ या धातूचा अर्थ संताप, म्हणजे तापविणे, असा दिलेला आहे. धूम आणि धूप हे शब्द ऐकावयास जवळचे असले, व्यवहारात त्यांची सांगड पक्की असली, तरी धातुपाठाच्या या अर्थनिर्देशात भर उष्णतेवर आहे, धुरावर नाही. सुगंधी द्रव्य तापविले असता त्यातील गंध हवेत मिसळतो. धूर हा त्या क्रियेचा सोबती आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून आचार ठरत नाही हे खरे. परंतु तांत्रिक मानसपूजेतील संकेत याच दिशेने जाणारा आहे. या पूजेत पाच उपचार पाच महाभूतांशी जोडले जातात. गंध पृथ्वीतत्त्वाचा, पुष्प आकाशतत्त्वाचे, दीप अग्नितत्त्वाचा, नैवेद्य अमृत वा जलतत्त्वाचा आणि धूप वायुतत्त्वाचा मानला जातो; धूपाचे बीजाक्षरही वायूचेच, ‘यं’, हे आहे. म्हणजे मंत्रसाधना करणाऱ्यांच्या परंपरेनेच धूपाला अग्नीच्या नव्हे तर वायूच्या कोष्टकात ठेवले आहे. अग्नीचे स्थान दीपाने आधीच घेतलेले असते.

सुगंधी द्रव्यांचा विचारही धुरापुरता कधीच संकुचित नव्हता. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात धूपाबरोबरच सुगंधी तेल, स्नानाचे गंधोदक, वस्त्रांना लावावयाचे चूर्ण, मुखवास अशा धुराशी संबंध नसलेल्या सिद्धींचे विवेचन येते. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १,८२० मिश्रणे होतात हे गणितही याच अध्यायात आहे, आणि गणिताच्या इतिहासात ते आवर्जून सांगितले जाते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात धूपभोगाचे प्रकरण आहे. मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा दुवा मात्र पुण्यातील आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील अभ्यासक प. कृ. गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ या ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. यांपैकी गंधवादावर जुनी मराठी टीका आहे. हे ग्रंथ १९८९ साली बडोद्याहून प्रकाशित झाले. अत्तरे, तेले आणि चूर्णे कशी सिद्ध करावीत याची चर्चा मराठीत शतकांपूर्वी झालेली असताना आज गंधोपचार म्हणजे केवळ उदबत्ती असे समीकरण व्हावे, हे काहीसे आश्चर्याचेच आहे.

धुराचे स्वरूप

उदबत्तीच्या रचनेचा विचार केल्याशिवाय तिच्या धुराचा विचार पूर्ण होत नाही. बांबूची काडी, कोळशाची व लाकडाची भुकटी, ती काडीला धरून ठेवणारी जिगट आणि सुगंधी द्रव्य हे तिचे घटक होत. वजनाच्या दृष्टीने जवळजवळ तृतीयांश भाग बांबूच्या काडीचाच असतो. मसाला बत्तीत सुगंधी वनस्पती दळून पिठातच मळलेल्या असतात. बाजारात मोठ्या प्रमाणावर मिळणाऱ्या बत्त्या मात्र कोळशाच्या कच्च्या बत्तीला कृत्रिम सुगंध आणि द्रावकाच्या मिश्रणात बुडवून तयार केल्या जातात. याचा अर्थ असा की, उदबत्ती जळते तेव्हा जळणाऱ्या पदार्थाचा मोठा हिस्सा सुगंधी नसतोच. तो केवळ इंधन असतो.

जळणही अपुरे असते. ज्योत नसल्यामुळे पदार्थ धुमसत राहतो आणि अर्धवट ज्वलनातून सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन व गंधक यांची ऑक्साइडे, बेंझीन, टोल्यूइन, फॉर्माल्डिहाइड आणि बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बने बाहेर पडतात. (‘सुगंधी’ हा येथील शब्द रसायनशास्त्रातील वर्गाचा वाचक आहे, वासाचा नाही, विद्यार्थ्यांचा येथे नेहमी गोंधळ होतो.) २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय समीक्षालेखात, एक ग्रॅम उदबत्ती जळताना सरासरी ४५ मिलिग्रॅमहून अधिक कण निर्माण होतात, तर सिगारेटच्या बाबतीत हे प्रमाण ग्रॅममागे सुमारे १० मिलिग्रॅम असते, अशी तुलना दिलेली आहे. दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीचे घनफळ सुमारे २८ घनमीटर भरते. खोली पूर्ण बंद आहे आणि कण खाली बसत नाहीत असे गृहीत धरल्यास, एक ग्रॅम मसाला जळल्यावर हवेत घनमीटरमागे सुमारे १,६०० मायक्रोग्रॅम कण येतील. भारतात २००९ पासून लागू असलेल्या मानकानुसार पी.एम. २.५ या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची सरासरी मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ असावी असे सुचविले. एका उदबत्तीचा धूर काही वेळात विरतो, खिडकी उघडी असल्यास फार लवकर विरतो, आणि तिच्यातील सर्वच कण या आकाराचे असतात असे नाही. म्हणून या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि त्यावरून प्रश्नाचे परिमाण ध्यानात येते.

दीर्घकालीन परिणामांविषयी सर्वांत मोठा पुरावा सिंगापूरचा आहे. तेथील चिनी वंशाच्या ६१,३२० स्त्री-पुरुषांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरात दीर्घकाळ धूप जाळणाऱ्यांमध्ये नासाग्रसनी वगळता वरच्या श्वसनमार्गाच्या इतर भागांचे कर्करोग आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक विशिष्ट प्रकार यांचे प्रमाण अधिक आढळले. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. शिवाय त्या घरांतील धूप दिवसरात्र जळत असे. सकाळी एक उदबत्ती लावणाऱ्या गृहिणीला या अभ्यासाच्या आधारे घाबरविणे योग्य होणार नाही. परंतु जप-अनुष्ठानासाठी बंद खोलीत तासन्‌तास धूप जाळणाऱ्या साधकाची गोष्ट निराळी आहे. धुपाटण्यात निखारे ठेवले असतील तर त्याच्यापुढील धोका कर्करोगाचा नसून तात्कालिक आहे. कोळशाच्या शेगडीमुळे बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मृत्यू झाल्याच्या घटना दर हिवाळ्यात घडतात, आणि निखारा शेगडीतला असो वा धुपाटण्यातला, त्याचे रसायन एकच असते.

प्रतिनिधीचा प्रश्न

परंपरेच्या बाजूने विचार करताना पूर्वमीमांसेतील प्रतिनिधिविचार उपयुक्त ठरतो. विहित द्रव्य मिळाले नाही किंवा नष्ट झाले तर कर्म सोडून द्यावे की सदृश द्रव्याने पूर्ण करावे, याची चर्चा जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात आहे. तांदळाऐवजी नीवार, सोमाऐवजी पूतिका ही त्यातील प्रसिद्ध उदाहरणे होत. त्याच ठिकाणी प्रतिनिधी कशाला नाही हेही सांगितले आहे: देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना पर्याय नाही. द्रव्याला मात्र आहे.

या भेदावरून प्रस्तुत प्रश्नाची सीमा बऱ्यापैकी निश्चित होते. होम वा हवन हे अग्निसाध्य कर्म आहे. अग्नी काढून घेतल्यास ते कर्मच उरत नाही. धूरविरहित होम अशी कल्पना त्यामुळे शास्त्राच्या चौकटीत बसत नाही, आणि ज्यांना होम करावयाचा आहे त्यांनी तो उघड्या जागीच करावा हे उत्तम. पूजेतील धूप मात्र अर्पण करावयाचे द्रव्य आहे. पूजेच्या व्यवहारात तर याहूनही उदार सोय आहे. वस्त्र, अलंकार वा अन्य उपचार उपलब्ध नसल्यास त्याच्या नावाने अक्षता वाहण्याची रीत महाराष्ट्रातील प्रत्येक पुरोहिताला ठाऊक असते आणि गणेशचतुर्थीच्या दिवशी घरोघरी ती ऐकू येते. वस्त्राच्या जागी चालणारी अक्षता धूपाच्या जागी चालणार नाही, असे म्हणण्यास आधार दिसत नाही. मानसपूजेत तर बाह्य द्रव्याचीच आवश्यकता नसते. शंकराचार्यांच्या नावावर असलेले शिवमानसपूजा स्तोत्र हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

पर्यायांचे स्वरूप

तथापि सुगंधाशिवाय पूजा सुनी वाटते, ही उपासकाची भावना शास्त्रार्थाने भागत नाही. तिला प्रत्यक्ष सुगंधच हवा असतो. त्यासाठी बाजारात जाण्यापूर्वी घरातच पाहिले तर सहाण आणि चंदनाचे खोड हे सर्वांत जुने साधन हाताशी असते. पाण्यात उगाळलेल्या चंदनाचा वास दूरवर दरवळत नाही; तो जवळ बसणाऱ्यालाच मिळतो. उपासनेच्या दृष्टीने हा दोष मानण्याचे कारण नाही. वारकरी संप्रदायात विठ्ठलाला आणि परस्परांनाही लावला जाणारा बुक्का हा धूर न करता गंध देणारा असाच उपचार आहे. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा, तसेच मरवा, सोनचाफा, बकुळ, केवडा या वनस्पती खोली भारून टाकण्यास पुरेशा आहेत. बकुळीची फुले तर सुकल्यावरही वास टिकवितात. वाळ्याची जुडी पाण्याने भरलेल्या तांब्याच्या भांड्यात ठेवणे, पूजेच्या आरंभी गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडणे, अत्तराचा फाया देवापुढे ठेवणे हे प्रकारही आपल्याकडे परके नाहीत. फक्त त्यांचे स्थान लग्नमंडपाकडे सरकले आहे.

अन्य धर्मांतही याला समांतर आचार आढळतो. ज्यू धर्मीय शब्बाथची समाप्ती करताना हवदाला नावाच्या विधीत लवंगेसारखी सुगंधी द्रव्ये हातात घेऊन हुंगतात. त्यांना जाळत नाहीत.

धूपद्रव्यच हवे, परंतु धूर नको, अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांच्यासाठी जपानमधील कोदो ही कला मार्गदर्शक ठरते. तिच्यात निखारा राखेत पुरून ठेवतात, राखेच्या ढिगावर अभ्रकाची पातळ चकती ठेवतात आणि त्या चकतीवर अगरूचा लहानसा तुकडा. उष्णता राखेतून गाळून येते. अगरू तापतो, परंतु जळत नाही. त्याचा वास घेण्याच्या क्रियेला जपानी लोक ‘ऐकणे’ असे म्हणतात. येथे ‘धूप्’ धातूचा संताप हा अर्थ अक्षरशः प्रत्यक्षात येतो. हेच तत्त्व विजेच्या धूपदाणीने साधते. तापमान कमी-जास्त करता येणारी धूपदाणी घेऊन ऊद, राळ किंवा सालईचा डिंक मंद आचेवर ठेवल्यास गंध येतो; धूर दिसू लागला की आच वाढली असे समजावे. द्रव्य फार थोडे लागते, ही गोष्टही महत्त्वाची आहे. गुग्गुळाच्या झुडपाची गणना आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने अतिसंकटग्रस्त जातींत केली आहे. मूठमूठ गुग्गुळ निखाऱ्यावर टाकण्यापेक्षा त्याचा एक खडा तापविणे सर्वच दृष्टींनी हितावह होय.

कापूर या बाबतीत फसवा आहे. तो पेटविला असता पिवळी, काजळी सोडणारी ज्योत येते. आरतीच्या तबकावर जमणारा काळा थर ही ती काजळीच होय. न पेटविता मात्र तो घनरूपातून सरळ वायुरूपात जातो, आणि विजेवरील कापूरदाणी ही क्रिया वेगाने घडवून आणते. आज विकला जाणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो, ही माहिती अनेकांना नसते. लहान मुलांच्या हाती तो लागता कामा नये. गिळल्यास थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात.

दुकानांतून दिसणाऱ्या, टोकाला लाल दिवा असलेल्या बॅटरीच्या उदबत्त्यांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. त्यांत उदबत्तीचे सर्व काही आहे, केवळ गंध नाही.

सुगंधी तेलाचे थेंब पाण्यात टाकून ध्वनिलहरींनी तुषार उडविणारी यंत्रे सध्या लोकप्रिय आहेत. ती धूररहित असतात, उत्सर्जनरहित नसतात. लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनीनची हवेतील ओझोनशी अभिक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. बोअरचे जड पाणी वापरल्यास त्यातील क्षारही तुषारांबरोबर हवेत जातात आणि फर्निचरवर पांढरी भुकटी बसते. ज्या हवेतून ती फर्निचरवर बसते तीच श्वासात जाते. यंत्राची टाकी रोज धुवावी, परंतु पाण्यात जंतुनाशक कदापि घालू नये. दक्षिण कोरियात अशा यंत्रांच्या पाण्यात मिसळावयाच्या जंतुनाशकामुळे फुफ्फुसांचे गंभीर आजार व मृत्यू झाल्याचे २०११ साली उघड झाले आणि ती उत्पादने बाजारातून काढावी लागली. थोडक्यात, यंत्र वापरावयाचेच असेल तर पूजेच्या वेळेपुरते, उकळून गार केलेल्या नव्हे तर ऊर्ध्वपातित पाण्याने, आणि खिडकी किलकिली ठेवून वापरावे. पाणी उकळल्याने त्यातील सर्व क्षार जात नाहीत.

धूर हेच प्रयोजन असते तेव्हा

येथवरचे विवेचन गंध हे प्रयोजन मानून केले आहे. काही विधींत मात्र धूर हाच हेतू असतो. सुश्रुतसंहितेत जखमी रुग्णाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांचे धूपन करण्यास सांगितले आहे. त्याला रक्षोघ्न, म्हणजे राक्षसांचा नाश करणारे, म्हटले आहे. काश्यपसंहितेत बालकांच्या संदर्भात धूपांचा स्वतंत्र विचार आहे. बाधा काढण्यासाठी देवऋषी वा भगत देतो ती धुरी याच धारणेच्या ग्रामीण टोकाला उभी आहे. अशा कर्मात चंदन किंवा अत्तर हा प्रतिनिधी ठरू शकत नाही, कारण प्रयोजनच बदलते. येथे प्रश्न पर्यायाचा नसून कर्म करावे की नाही याचा आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. जादूटोणाविरोधी अधिनियम, २०१३ च्या अनुसूचीत त्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

बाळंतिणीला व तान्ह्या बाळाला शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी देण्याची चाल या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते. तिच्यामागे माया असते, क्रौर्य नव्हे. म्हणूनच ती थांबविणे अधिक कठीण जाते. नवजात बालकाचा श्वासमार्ग अत्यंत अरुंद असतो आणि त्याचा श्वासोच्छ्वास प्रौढाच्या दुपटीहून अधिक वेगाने चालतो. म्हणजे वजनाच्या मानाने त्याच्या फुफ्फुसांत जाणारा धूरही अधिक असतो. बालरोगतज्ज्ञ धुरीला विरोध करतात तो याच कारणाने. ज्या घरांत आजी-पणजीचा आग्रह मोडवत नाही, तेथे जुन्याच घरगुती रीतीतून वाट निघू शकते. ओवा कोरड्या तव्यावर भाजून, मलमलीच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधून ती उशापासून दूर, बाळाच्या हाताला लागणार नाही अशी टांगली असता खोलीत ओव्याचा वास राहतो आणि धूर होत नाही. ओवा भाजण्याचे काम मात्र स्वयंपाकघरात, दार लावून करावे. आणि त्या पुरचुंडीत कापूर घालू नये.